पिकर, खुबा आणि एटीव्हीचं पोट

नागाव, काशीद, मुरुडच्या किनाऱ्यांवर एटीव्ही चालवणारी मुलं माझ्या गाळ्यात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काका, सगळ्यात कडक प्लेट कुठली?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. कडक हवी असेल तर लोखंडाची, आणि ती तुम्हाला नको. मग ती एकमेकांकडे बघतात. शीट विकायला बसलेला माणूस आधी नाही का म्हणतो, हे त्यांना कळत नाही.

माझा गाळा वरळीत, लोअर परळच्या अंगाला असलेल्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आहे. चहूकडे काचेचे टॉवर उठले, इस्टेट अजून तशीच आहे. लिफ्ट बंद पडते, पण छप्पर गळत नाही. धंदा जाड प्लास्टिकच्या शीट कापण्याचा. बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्या, कन्व्हेयरचे गाइड, दातेरी चाकं हे आमचं पोटापाण्याचं काम. एटीव्हीच्या खालच्या प्लेटा नंतर आल्या, कोकणात पर्यटन वाढलं तशा.

एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि बैठक असलेली, फुगीर टायरांची, चार चाकांची गाडी. होंडाने 1970 साली अमेरिकेत यूएस 90 नावाची आणली ती तीन चाकांची होती. तीनचाकी उलटायच्या फार. सुझुकीने 1982 मध्ये चार चाकांची आणली, आणि 1988 मध्ये अमेरिकेत या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी तिथल्या सरकारशी करार करून नव्या तीनचाकी विकणंच थांबवलं. आपल्याकडे ही गाडी सहसा रस्त्यासाठी पास होत नाही. पोलारिसने 2019 मध्ये ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल असं एक मॉडेल आणलं, तो अपवाद. त्यामुळे ती दिसते रिसॉर्टमध्ये, लोणावळ्याच्या ॲडव्हेंचर पार्कात, कोकणच्या वाळूत, आणि मुंबईच्या चौपाट्यांवर गस्त घालणाऱ्या पोलिसांकडे.

ही गाडी एकदा उचलून खालून बघा. लोखंडी नळ्यांची चौकट, मधोमध इंजिनाचं पोट आणि त्यातलं तेल काढायचा बोल्ट, शेजारी बेल्टचं घर, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवरची रबरी टोपणं, ब्रेकच्या नळ्या. हे सगळं जमिनीपासून वीत-सव्वा वीत वर. गाडी तीनशे किलोच्या आसपासची, वर दोन माणसं. वाळूखाली दडलेला एक दगड तेलाच्या बोल्टाला नेमका लागला की सगळं तेल किनाऱ्यावर आणि इंजिन भंगारात. कंपनी खाली एक पातळ प्लास्टिकची प्लेट देते, पण ती चिखल अडवायला. दगड अडवायला नव्हे.

मग दगड अडवायला काय लावायचं, याचं उत्तर मला गाड्यांनी शिकवलं नाही. ते गिरणीतून आलं.

वडील वरळीच्याच एका गिरणीत साचेखात्यात फिटर होते. साच्यावर, म्हणजे मागावर, धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकला जातो, आणि त्याला फटका देतो तो पिकर. मिनिटाला शंभराच्या वर फटके, पाळी संपेपर्यंत. धोट्याला लोखंडी चोच असते, आणि ती रोज, वर्षानुवर्षं, त्याच जागी येऊन आदळते. पूर्वी पिकर म्हशीच्या कातड्याचे असत, तेलात मुरवलेले. मग पांढऱ्या, मेणचट प्लास्टिकचे आले आणि कातड्याचे मागे पडले. वडील सांगायचे, पिकर लोखंडाचा करून चालत नाही. लोखंड फटका देतं, पण धोटा फोडतं. पिकरने मार खायचा, दबायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं.

1982 च्या 18 जानेवारीला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. तो संपला असं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. वडिलांनी परळच्या एका वर्कशॉपात भिवंडीच्या यंत्रमागांसाठी पिकर कापायचं काम धरलं. हे प्लास्टिक आमच्या घरात आलं ते असं.

त्याचं पूर्ण नाव अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिएथिलीन. बाजारात कुणी एवढं बोलत नाही. यूएचएम म्हणतात, किंवा नंबराने पीई 1000. जात तीच, जिची दुधाची पिशवी होते. फरक साखळीच्या लांबीचा. साध्या एचडीच्या, म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिएथिलीनच्या, रेणूचं वजन लाख-दोन लाखांच्या घरात असतं, याचं तीस लाखांच्या वर. आखूड शेवया चमच्याने सहज सुटतात, हातभर लांब शेवयांचा गुंता ओढला तर सगळं ताट उचललं जातं; इथे आत तेच चाललेलं असतं. या गुंत्यामुळे हे प्लास्टिक तापवलं तरी वाहत नाही. साच्यात ओतून त्याची बादली करता येत नाही. पावडर दाबून, तापवून आधी जाड शीट करायची आणि मग ती कापायची. तेव्हा एखादा प्लेट दाखवून ही यूएचएमची साच्यात ओतलेली आहे म्हणाला तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

या प्लास्टिकचा सगळ्यात मोठा सन्मान झाला तो एका मागामुळेच. इंग्लंडात लँकेशायर हा आपल्या गिरणगावासारखा कापडाचा मुलूख. तिथल्या रायटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्नली नावाचे सर्जन खुब्याचा कृत्रिम सांधा करत होते. आधी त्यांनी वाटी टेफ्लॉनची केली. टेफ्लॉन गुळगुळीत, पण दोन-तीन वर्षांत ती वाटी झिजली आणि कितीतरी रुग्ण पुन्हा ऑपरेशनला आले. 1962 मध्ये एक विक्रेता तिथे एका जर्मन प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. तिथल्या मागांच्या दातेरी चाकांना ते वापरत असत. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं, ते रुतलं, आणि त्यांनी तो नाकारला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेलेले असताना तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरापासून खुब्याची वाटी या प्लास्टिकची झाली. आजही खुबा आणि गुडघा बदलतात तेव्हा आत बहुतेक वेळा हेच असतं. माझ्या आईच्या गुडघ्यातही आहे. ती जिना चढताना कुरकुरते, पण ती कुरकुर गुडघ्याची नाही.

नख रुतलं म्हणून चार्नलींनी जे नाकारलं, तेच आमची नागावची मुलं नाकारतात. अंगठ्याचं नख दाबतात, खूण उठते, आणि चेहरा पडतो. शीट बाजूला सारून म्हणतात, ॲल्युमिनियम दाखवा.

ॲल्युमिनियम वाईट नाही. पाच मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साडेतेरा किलो भरतो, तीन मिलिमीटरचं लोखंड साडेतेवीस किलो, बारा मिलिमीटरचं यूएचएम सव्वाअकरा. म्हणजे दुपटीहून जाड असूनही ते सगळ्यात हलकं. पण मी वजनाकडे नंतर बघतो. आधी बघतो गाडी दगडावर चढली की काय होतं ते. ॲल्युमिनियम मऊ धातू आहे. दगडाची धार त्यात खाच पाडते, खाचेत धार अडकते, आणि गाडी तिथेच बसते. पुढच्या वेळी त्याच खाचेत दुसरा दगड अडकतो. लोखंडावर खाच कमी पडते, पण एकदा दबलं की ते दबलेलंच राहतं, आणि दबतं ते इंजिनाच्या दिशेने. यूएचएम दगडावरून घसरतं. घसरणं हाच त्याचा गुण. दगडावर अडकलेली गाडी सोडवायला चालवणारा जो एक्सलेटर पिळतो, त्यात बेल्ट जळतो. मी पाहिलेल्या भाड्याच्या गाड्यांत खालून फुटलेल्यांपेक्षा अशा बेल्ट जळालेल्याच जास्त.

आवाजाचाही फरक आहे. धातूच्या प्लेटवर खडी उडाली की पत्र्याच्या शेडवर पाऊस पडावा तसा दणका चालतो. प्लास्टिकवर नुसती टपटप. गिऱ्हाईक तासाच्या भाड्याने बसतं, त्याला याचं काही नसतं. दिवसभर गाडी हाकणाऱ्या मुलाला असतं.

आता जमीन. प्लेट कुठल्या गाडीसाठी हे सगळे विचारतात. कुठल्या जमिनीसाठी हे विचारणारा विरळा. नागावची ओली वाळू हा यूएचएमचा घरचा अभ्यास आहे. या प्लास्टिकची झीज जगभर तपासतात तीच मुळी वाळू कालवलेल्या पाण्यात तुकडा गरगर फिरवून, आणि त्यात ते साध्या लोखंडापेक्षाही कमी झिजतं. वाळू बारीक असते, आपटते आणि निघून जाते. खारं पाणी त्याचं काहीच करत नाही. किनाऱ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि स्टेनलेसचे बोल्ट ही जोडी मात्र वाईट. दोन धातू, मध्ये मीठ आणि पाणी. बोल्टाभोवती पांढरी पूड धरते आणि भोक मोठं होत जातं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे गाडी कातळावर जाणार असेल तर मी वेगळं बोलतो. जांभ्याच्या सड्यावर जागोजागी धारदार कंगोरे असतात, आणि धार हा यूएचएमचा वैरी. दगडाने ठेचलं तर ते सहन करतं, धारेने सोललं तर त्याची वळी निघते. तिथे बारा मिलिमीटरखाली जाऊ नये, आणि पुढची कड, जी आधी आदळते, तिच्यावर वेगळी पट्टी लावावी, झिजली की तेवढीच बदलता येते. घाटावर, सह्याद्रीत, बेसाल्टचे सुटे गोटे असतात. तिथे दहा मिलिमीटर पुरतं. आणि नुसती सपाट वाळू, कंपनीची प्लेट शाबूत, गाडी पाचशे मीटरच्या पट्ट्यात ये-जा करणारी असेल, तर काहीच घेऊ नका. हे सांगून मी गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत. बायको म्हणते, गाळा कशाला उघडतोस.

जाडीत कंजुषी का करू नये याला कारण आहे. हे प्लास्टिक लवचीक आहे, ताठपणात ॲल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. सहा मिलिमीटरची शीट गाडीखाली लावली तर ती दगडाला अडवत नाही. दगडासकट वर जाते आणि इंजिनाला टेकते. पण शीटचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. सहावरून बारावर गेलात की पैसे दुप्पट जातात आणि काम आठपट होतं. असा सौदा आमच्या धंद्यात दुसरा नाही. शिवाय प्लेट आणि इंजिन यांच्यात बोटभर फट सोडायची, आणि चौकटीच्या नळ्यांवर तिला जमेल तितक्या ठिकाणी टेकवायची.

शीट घ्यायला मुलं नागदेवी स्ट्रीटला जातात, स्वस्त मिळते म्हणून. नागदेवीला वाईट म्हणणार नाही, आम्हीही तिथेच वाढलो. पण काळी शीट म्हणजे यूएचएम असं नसतं. पुन्हा वितळवलेल्या भंगार प्लास्टिकचीही शीट काळीच असते, कारण काळ्यात सगळे रंग लपतात. मी सांगतो, बरोबर एक कटर, पाण्याची बाटली आणि लायटर ठेवा. छोटा तुकडा मागा आणि पाण्यात टाका. बुडला तर तो नायलॉन, पीव्हीसी नाहीतर डेलरिन, विषय संपला. तरंगला तर एचडी, पीपी किंवा यूएचएम. कटरने कड तासा : चांगल्या मालाची लांब, न तुटणारी वळी निघते, भंगाराच्या मालाचा चुरा पडतो. मग उघड्यावर, चिमट्यात धरून, कड पेटवा. मेणबत्ती विझल्याचा वास आला की पॉलिएथिलीन. एचडी असेल तर थेंब गळू लागतात. यूएचएम गळत नाही. कड फुगते, पारदर्शक होते आणि तिथेच थांबते. दुकानदार रागावला तर रागावू दे. एचडी वाईट आहे असं मात्र समजू नका. कमी वापराच्या गाडीला बारा मिलिमीटरची अस्सल एचडी चालून जाते आणि खिसाही वाचतो. यूएचएमच्या भावात एचडी घेऊ नये, एवढंच. आणि पांढरी घेऊ नका. पांढऱ्यात ऊन अडवणारी काजळी नसते, उन्हात ती लवकर ठिसूळ होते.

नायलॉनचा आग्रह धरणारे पुष्कळ. कडक असतं, नख रुतत नाही, म्हणून. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, किनाऱ्यावर त्याचं काय काम? ॲक्रिलिक आणायचं नावही काढू नये, एका दगडात तडकतं.

इतकं सगळं बघून चांगली प्लेट घेतात आणि फिटिंग कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून करून घेतात. तिथे घोटाळा होतो. लोखंडाच्या सवयीने तो नेमकी बोल्टाच्या मापाची भोकं पाडतो आणि पाना ताकद लावून आवळतो. दोन्ही चूक. हे प्लास्टिक उन्हाने वाढतं, आणि थोडंथोडकं नाही. मीटरभर लांबीची प्लेट पहाटेच्या गारव्यापासून इंजिनाच्या उष्णतेपर्यंत चाळीस अंशांनी तापली तर सहा-सात मिलिमीटर लांब होते; लोखंड तेवढ्यात अर्धा मिलिमीटर वाढतं. भोकं नेमकी असतील तर प्लेटला जायला जागा राहत नाही, मग ती मधोमध फुगून खाली लोंबते आणि पहिल्याच दगडाला आडवी येते. म्हणून मधलं एक भोक नेमकं ठेवायचं आणि बाकीची लांबट, बाहेरच्या दिशेने. खाली मोठी, जाड वायसर. बोल्टाचं डोकं प्लेटमध्ये बुडवून घ्यायचं. बाहेर राहिलेलं डोकं दगड पहिल्या दिवशी उडवतो. आवळायचं ते हाताला पकड लागेपर्यंत आणि वर थोडं. जास्त आवळलं तर प्लास्टिक बोल्टाखालून हळूहळू सरकतं, पातळ होतं, आणि घट्ट केलेला बोल्ट महिन्याने आपोआप ढिला मिळतो. नायलॉनची रिंग असलेला नट वापरा. किनाऱ्याला बोल्ट 316 नंबरच्या स्टेनलेसचे; 304 वर गंज चढायला वेळ लागत नाही. बोल्टांत वाचवलेल्या पैशांत प्लेट समुद्रात टाकून आलेला एक गडी मला माहीत आहे.

सायलेन्सरचा पाइप हा दुसरा शत्रू. यूएचएम 130 अंशांच्या पुढे वितळतं, आणि ऐंशीच्या वर रोज राहिलं तर मऊ पडत जातं. पाइप जिथून जातो तिथे प्लेट कापून खिडकी ठेवायची, किंवा मध्ये ॲल्युमिनियमचा छोटा पत्रा हवा सोडून लावायचा. पोट पूर्ण झाकून टाकायचा मोहही आवरा. प्लेटवर वाळू आणि चिखल साचतो, इंजिनाची हवा बंद होते. घाटावर सुकं गवत अडकून पाइपाला लागलं तर ते पेटू शकतं, म्हणून रोज संध्याकाळी खालून हात घालून साफ करायचं. पाणी निघायला भोकं हवीतच, आणि तेलाच्या बोल्टासमोर एक मोठं भोक, नाहीतर तेल बदलायला दर वेळी सगळी प्लेट उतरवावी लागते. हे भोक पाडायला सांगायचं निम्मे लोक विसरतात आणि पुन्हा वरळीला येतात.

आमच्याकडे आणखी एक गिऱ्हाईक येतं, खिशात पैसे नसलेलं आणि डोक्यात प्रश्न भरलेलं : इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं. बाहा नावाची स्पर्धा 2007 पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला भरते. मुलांनी स्वतः बनवलेल्या एकसीटी गाड्या तिथे दगड-चिखलात पळतात. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या कॉलेजांचे संघ त्यात उतरतात. चालकाच्या पायाखालचा तळ पूर्ण बंद हवा, पाय जमिनीला लागता कामा नये, असा तिथला नियम आहे. तळ धातूचा, फायबरचा की प्लास्टिकचा हे मुलांनी ठरवायचं. ही मुलं नख लावून बघत नाहीत. वजन विचारतात, ग्रॅममध्ये. त्यांना मी उरलेले तुकडे देतो आणि म्हणतो, आधी यावर हातोडा मारा, मग कॉम्प्युटरवर गणित करा.

प्लेट ज्याला वाचवू शकत नाही असंही एक आहे. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला कोकणच्या बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून त्यांच्यासाठी काम केलं आणि गावाने ते उचलून धरलं. एटीव्हीच्या टायरांनी वाळूत पडणारी चाकोरी तळहाताएवढंही नसलेल्या पिल्लाला ओलांडता येत नाही. ते समुद्राऐवजी त्या चाकोरीतच चालत राहतं. भरतीच्या रेषेच्या वर गाडी नेऊ नका, रात्री तर नकोच. हे मी प्लेट बांधून देताना सांगतो. ऐकतात की नाही ते नागावलाच ठाऊक.

काम करून घ्यायचं असेल तर जुलै-ऑगस्टात या. समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावरचा धंदा बंद, गाड्या शेडमध्ये. जुनी प्लेट उतरवून आणा. तिच्यावरच्या ओरखड्यांवरून गाडी कुठे आदळते ते मला कळतं, आणि त्या जागी जाडी वाढवता येते. पुठ्ठ्यावर खालचा नकाशा काढून आणलात तरी चालेल, फक्त भोकांची मापं बोल्ट काढून घ्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फोन करून उद्या प्लेट पाहिजे म्हणणाऱ्यांना मी नायलॉनवाल्याचा नंबर देतो.